मोडीत जाण्याआधी या मूर्ती नोंदवून घ्या

प्रति,
पुरावस्तूंच्या नोंदणीचे काम ज्यांच्याकडे आहे ते अधिकारी,
आणि त्या कामाची धोरणे ठरवणारी केंद्र व राज्य सरकारची सांस्कृतिक खाती

विषय : धातूच्या जुन्या मूर्ती नोंदवायला आलेल्या माणसाला परत पाठवण्याबाबत

महोदय, महोदया,

मागच्या महिन्यात माझा अर्ज परत आला. फोटो जसेच्या तसे, टाचणीसुद्धा मीच लावलेली, आणि कोपऱ्यात निळ्या शाईत शेरा : 'मालकीचा पुरावा जोडून फेरसादर करावे.' आधीचा अर्ज 'संबंधित अधिकारी उपलब्ध नसल्याने' परत आला होता. त्याच्याही आधी फोटोचे माप पसंत पडले नव्हते. हे पत्र टपालाने धाडले असते तर त्याच्यावरही एखादा शेरा बसून ते घरी आले असते, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

मी व्यापारी नाही. नोकरी सांभाळून, घरच्यांची बोलणी खाऊन जुने पितळ आणि कांसे जमवणारा माणूस आहे. लामणदिवे, पंचारत्या, अडकित्ते, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, आणि देव : बाळकृष्ण, अन्नपूर्णा, भैरोबा, खंडोबा. चोळ राजांच्या काळातले नटराज माझ्या ऐपतीत नाहीत आणि ते माझ्या घरी असण्याचे कारणही नाही. माझ्याकडे आहे ते मराठी घरांच्या देवघरांतले आणि माजघरांतले सामान. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आणि मुख्यतः वाडे पाडले जातात तेव्हा ते हाती लागते.

परत आलेला अर्ज खंडोबाच्या एका मूर्तीचा होता. वीतभर उंच. घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा, घोड्याच्या पायांशी कुत्रा. दोघांची नाके झिजून सपाट झाली आहेत आणि खोगिराच्या घडीत भंडारा इतका घट्ट बसला आहे की टाचणीने उकरला तरी निघत नाही. मागची बाजू मात्र कालच ओतल्यासारखी खरखरीत. बैठक उलटी केली की आत मेणाच्या ओघळांचे ठसे दिसतात. ज्या घरातून ती आली तिथे वाटण्या चालल्या होत्या. शेत वाटले, विहिरीचे पाणी वाटले, देव कुणालाच नको होते. थोरल्याच्या फ्लॅटमध्ये देवघर भिंतीला टांगलेले, धाकटा परगावी. वाडा रिकामा करताना हंडे-घागरींबरोबर तो खंडोबाही मोडीत निघाला होता. मी मोडीच्या भावापेक्षा बरेच जास्त पैसे दिले, साध्या कागदावर सगळ्या भावांच्या सह्या घेतल्या आणि तो कागद अर्जाला जोडला. आपल्या कार्यालयाला हवे आहे ते असे की, त्या घराकडे ही मूर्ती कुठून आली याची पावती द्यावी. त्यांच्या पणजोबांनी ओतकाऱ्याकडून पावती घेतली नव्हती, साहेब. घ्यायची पद्धत नव्हती.

आता कायद्याकडे येतो. संग्राहकांच्या बैठकीत पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याला नावे ठेवण्याची रीत आहे. मी ती पाळत नाही. १९७२ चा हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षे झालेली वस्तू पुरावस्तू, हस्तलिखिताला पंचाहत्तर पुरतात. दगड, भाजलेली माती, धातू, हस्तिदंत अशा माध्यमांतली शिल्पे, तसेच चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते ज्याच्या ताब्यात असतील त्याने ती नोंदवायची. मालक बदलला की कळवायचे. विक्रीचा धंदा करायचा तर परवाना काढायचा. देशाबाहेर खासगी माणसाने काही न्यायचे नाही; नेले तर किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद. नोंदणी टाळली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, वर वस्तू जप्त होऊ शकते. हे सगळे मला मान्य आहे. निर्यातबंदी तर मनापासून मान्य आहे. माझे भांडण इतकेच आहे की नोंदवले नाही तर शिक्षा करणारा कायदा तुमचा, आणि नोंदवायला आलेल्याला दारातून परतवणारी खिडकीही तुमचीच.

या अडवणुकीचा चोराला काडीचा त्रास नाही. तो अर्ज करायला येतच नाही. जो येतो त्याला तुम्ही संशयित ठरवता. एकदा परतवलेला माणूस पुन्हा येत नाही, हे मी माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत पाहिले आहे. 'कशाला लचांड,' असे म्हणून ते मूर्ती कपाटात ठेवतात आणि गप्प बसतात. पुढची पिढी ती मोडीत घालते, नाहीतर दारावर आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकते.

शंभर वर्षांचा हिशोबही पाहा. १९२० साली ओतलेली अन्नपूर्णा २०२० साली देवघरात बसल्या बसल्या पुरावस्तू झाली. घरातल्या म्हातारीला त्याची वार्ता नाही, तलाठ्याला नाही, ग्रामसेवकालाही नाही. दर वर्षी अशा नव्या मूर्ती कायद्याच्या कक्षेत येतात. गावच्या चावडीवर डासांपासून विम्यापर्यंत सगळ्याचे फलक लागतात. घरातला जुना देव नोंदवा असे सांगणारा फलक मी आजवर कुठेही पाहिलेला नाही.

नोंदवायचे काय, हेही कुणी धड सांगत नाही. शिल्प नोंदवायचे, भांडीकुंडी नाही, इथवर ठीक. मग दीपलक्ष्मीचे काय? हातात पणती धरून उभी असलेली ती बाई मूर्ती की दिवा? लामणदिव्याच्या साखळीवर हत्ती आहे, हत्तीवर माहूत आहे. तो शिल्पात धरायचा का? ज्या अडकित्त्याची दोन पाती म्हणजे मिठीतले जोडपे आहे, तो कुठल्या रकान्यात? मी विचारले तेव्हा एका टेबलावर 'नोंदवा' म्हणाले आणि शेजारच्या टेबलावर 'गरज नाही'. मराठी कारागिराची सगळी गंमतच अशी की त्याने वापरातली वस्तू आणि मूर्ती वेगळी ठेवली नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन दिवे आणि अडकित्ते बघा, म्हणजे तुमच्या रकान्यांची पंचाईत लक्षात येईल. काकासाहेब केळकरांनी तो संग्रह १९२० च्या सुमारास सुरू केला आणि १९६२ साली राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या हवाली केला. एका माणसाच्या हौसेतून सरकारला संग्रहालय मिळाले. आज तसा कुणी वस्तू घेऊन आला, तर त्याच्याकडे आधी पावत्या मागितल्या जातील, अशी मला धास्ती वाटते.

जुने-नवे ठरवण्याबद्दल दोन शब्द. अर्ज तपासणाऱ्यांना ते शिकवले जाते की नाही याची मला शंका आहे, कारण माझ्या खंडोबाचा फोटो पाहून 'हा तर घासलेला दिसतो, नवा असेल' असे मला ऐकवले गेले. बाजार नकलांनी भरला आहे, हे खरे. नवी मूर्ती आम्लात बुडवतात, ओल्या मातीत पुरतात, हिरवट पुटे चढवतात आणि शेवटी यंत्रावर घासून झीज आणतात. पण ती झीज सगळीकडे सारखी असते. पूजेतल्या मूर्तीची झीज पुजाऱ्याच्या अंगठ्याची असते : कपाळ, नाक, छाती, गुडघे, जिथे गंध लागते आणि कापड फिरते तिथे. पाठीला कुणी हात लावत नाही, म्हणून पाठ कोरी राहते. पुढून झिजलेली आणि मागून कोरी मूर्ती नकली करायला फार कष्ट पडतात. पाठीवरही झीज असेल तर मी ती हातात घेत नाही. धातूचे वय लाकडासारखे कार्बनवरून काढता येत नाही. पोकळ मूर्तीच्या पोटात ओतकामाची भाजलेली माती उरली असेल तर तिच्यावरून काळाचा अंदाज मिळतो. भरीव मूर्तीत तीही सोय नाही. म्हणजे शेवटी डोळाच लागतो. तसा डोळा असलेली माणसे तुमच्याच संग्रहालयांत आहेत. त्यांना महिन्यातून एक दिवस नोंदणीच्या टेबलावर बसवायला काय हरकत आहे?

यात खरा जीव फोटोत आहे, आणि तुम्ही त्याचीच सर्वांत हेळसांड करता.

मेणाच्या पद्धतीने ओतलेली मूर्ती जगात एकच असते. मेणात घडवायची, वर मातीचे लेप द्यायचे, भाजताना मेण वितळून निघून जाते, त्या पोकळीत धातू ओततात आणि मग साचा फोडतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ही कृती लिहून ठेवली आहे आणि तमिळनाडूतल्या स्वामीमलैचे स्थपती आजही याच पद्धतीने काम करतात. साचा एकदाच वापरला जातो, त्यामुळे हुबेहूब दुसरी मूर्ती निघतच नाही. एखादे बोट जाड, प्रभावळीत एक भोक बुजलेले, बैठकीच्या कोपऱ्यात राहिलेला बुडबुडा, ही त्या मूर्तीची ओळख. एवढे दाखवणारा एक नीट फोटो असला की मूर्ती जगात कुठेही गेली तरी ओळखता येते.

तमिळनाडूतल्या श्रीपुरंतान गावचा नटराज असाच परत आला. देवळातून चोरलेली ती चोळकालीन मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली सुमारे ५० लाख डॉलरना घेतली होती. कागदपत्रे सगळी होती, फक्त खोटी. पण पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने देवळातल्या मूर्तींचे फोटो आधीच काढून ठेवले होते. ते शेजारी ठेवल्यावर बोलायला जागा उरली नाही आणि सप्टेंबर २०१४ मध्ये नटराज भारतात आला. ती विकणारा सुभाष कपूर २०११ साली जर्मनीत पकडला गेला आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. त्याच्याही आधीची गोष्ट शिवपुरमच्या नटराजाची. दुरुस्तीला म्हणून दिलेली मूर्ती गेली, देवळात नक्कल येऊन बसली, भक्त तिलाच नमस्कार करत राहिले आणि अस्सल मूर्ती अमेरिकेहून यायला १९८६ साल उजाडले.

आपल्याकडे काय आहे? ऑगस्ट २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ इथून राममंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. समर्थ रामदासांचे जन्मगाव, त्यामुळे बातमी राज्यभर गाजली, पोलिसांनी पाठपुरावा केला आणि दोनेक महिन्यांत मूर्ती हाती लागल्या. पोलिसांचे कौतुकच आहे. पण ज्या गावात कुणी समर्थ जन्मले नाहीत, तिथल्या भैरोबाच्या मुखवट्याचे काय? चोरी झाल्यावर गावकरी चौकीत जातात आणि 'पितळी मुखवटा, मोठ्या मिशा' एवढे वर्णन देतात. त्या वर्णनाचे मुखवटे महाराष्ट्र-कर्नाटकात गावोगाव आहेत. उद्या त्यातला एखादा परदेशी लिलावाच्या सूचीत दिसला तरी तो आपला आहे हे कशाच्या आधारावर सांगणार?

ही नोंद ठेवायची जागा खरे तर तयार आहे. प्रत्येक नोंदणीकृत देवस्थानाच्या मालमत्तेची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते, जंगम मालमत्तेसकट. अशी एक नोंद मी पाहिली आहे. त्यात लिहिले होते : 'पितळी देव, ५ नग. समया, २ नग.' पुढे एक जुनी, हास्यास्पद किंमत. कोणते देव, केवढे, कसे, काही नाही. त्या पाच नगांतला एक बदलून त्याच्या जागी कालचा बाजारी देव ठेवला तर कागदावर ५ नग ५ नगच राहतात. जीर्णोद्धारात नेमके हेच होते, आणि दर वेळी चोरीच असते असे नाही. विश्वस्त भाविकपणे चांदीचा नवा मुखवटा करतात, जुना पितळी 'झिजला' म्हणून कासाराला वजनावर देतात, आणि त्या पैशांत रंगकामाचा खर्च निघतो.

संसदेच्या स्थायी समितीने २०२३ साली मूर्तिचोरीवर अहवाल दिला. देशात पुरावस्तू अंदाजे ५८ लाख, आणि २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने नोंदवल्या १६.८ लाख, असा त्यातला आकडा आहे. त्याआधी २०१७ मध्ये नव्या कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला गेला होता. देशांतर्गत व्यवहार सोपे करायचे आणि परवान्याची कटकट काढायची असा त्याचा रोख होता. तो मसुद्यातच राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने २९७ वस्तू परत केल्या, तेव्हा मात्र फोटो काढायला सगळे हजर होते. वस्तू परत आल्याचा आनंद मलाही झाला. पण गेलेल्या परत आणण्याची जेवढी धावपळ होते, तिच्या दशांश जरी इथे असलेल्या मूर्तींच्या वाट्याला आली तरी पुष्कळ.

१९७४ साली नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला छाबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचे मूळ खणताना रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा सापडला. चार प्राचीन ब्राँझ शिल्पे, वजन सगळे मिळून साठ किलोंवर. मोडीवाल्याच्या काट्यावर त्याची चांगली रक्कम झाली असती. ते काट्यावर गेले नाहीत, म्हणून आज भारतीय पुरातत्त्वाच्या कुठल्याही पुस्तकात तो बैलांचा रथ आहे.

आता मागण्या.

नोंदणी अधिकाऱ्याची पदे भरा. ती भरेपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात ठरलेल्या वारी नोंदणीचे शिबिर घ्या. मतदार यादीसाठी घरोघर जाणारे सरकार देवघरासाठी वर्षातून एकदा तालुक्याला येऊ शकते.

अर्ज ऑनलाइन घ्या आणि मोबाइलवर काढलेले फोटो चालू द्या. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, बैठकीखालून, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि जिथे भेग, झाळ, डाग असेल तिथला जवळून. अर्ज मिळाल्याची पोच त्याच दिवशी द्या आणि निर्णयाची मुदत ठरवा. तोवर ती पोच म्हणजे अर्जदाराने आपले कर्तव्य केल्याचा पुरावा धरा.

पिढीजात वस्तूंसाठी पावती मागणे बंद करा. प्रतिज्ञापत्र घ्या, दोन साक्षीदार घ्या. यातून चोरीचा माल धुऊन निघेल ही भीती मलाही आहे, आणि ती खरी आहे. त्यावर उपाय असा की अर्जातला फोटो सहा महिने संकेतस्थळावर सर्वांना बघायला ठेवा. ज्या गावचा देव असेल ते गाव हरकत घेईल. चोर आपल्या मालाचा फोटो जगासमोर लावायला येणार नाही. अर्जदाराचा पत्ता मात्र तिथे देऊ नका, नाहीतर घरफोड्या करणाऱ्यांसाठी यादी तयार होईल.

काय नोंदवायचे याची सचित्र यादी मराठीत काढा. दीपलक्ष्मीपासून सुरुवात करा.

देवस्थानांच्या जंगम मालमत्तेच्या नोंदीला प्रत्येक धातुमूर्तीचा, मुखवट्याचा आणि प्रभावळीचा फोटो जोडणे सक्तीचे करा. जुनी मूर्ती किंवा मुखवटा मोडीत घालण्याआधी जवळच्या शासकीय संग्रहालयाला विचारणे बंधनकारक असावे, आणि संग्रहालयाकडे निदान मोडीच्या भावाने ती विकत घेण्याइतका निधी असावा. माझ्या लेखी ही मागणी सगळ्यांत वरची. माझा खंडोबा नोंदला गेला नाही तरी तो जपलेला आहे. देवळांतले तसे नाहीत.

चोरीला गेलेल्या मूर्तींचे फोटो पोलिसांनी एका जागी, सर्वांना दिसतील असे ठेवावेत. तमिळनाडू पोलिसांची मूर्तिचोरीसाठी १९८३ पासून स्वतंत्र शाखा आहे. इथेही या कामाला वेगळी, प्रशिक्षित माणसे द्या. विकत घेण्याआधी आम्हाला ती यादी बघता आली पाहिजे, आणि जो संग्राहक न बघता घेईल त्याला माझी सहानुभूती मिळणार नाही. 'विचारायचे नाही, सांगायचे नाही' अशा तत्त्वावर खरेदी करणारे आमच्यात आहेत, हे मी इथेच लिहून ठेवतो.

आम्ही काही संग्राहकांनी आपापल्या मूर्तींचे फोटो, मापे, वजने आणि त्या कुठून कशा आल्या याच्या नोंदी स्वतःहून तयार केल्या आहेत. त्या तुम्हाला विनाशर्त द्यायची आमची तयारी आहे. कोणाकडे, कोणत्या नमुन्यात आणि कोणत्या वारी आणून द्यायच्या, तेवढे जाहीर कळवावे.

आपला,
एक संग्राहक